डावीकडे नेम धरून काय होतं?

आजचं वाचन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला ३३ वा श्लोक. प्रत्येक जण आपापल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, मग नुसता निग्रह करून काय होणार, असा त्याचा साधारण आशय. हा श्लोक आला की मला गोल्फ आठवतो. हसू नका, गीता आणि गोल्फ ही जोडी मी जमवलेली नाही. स्टीव्हन प्रेसफील्डची ‘द लेजंड ऑफ बॅगर व्हान्स’ ही कादंबरी १९९५ ची. त्यात मनाने खचलेला खेळाडू आर. जुनुह, म्हणजे अर्जुन. आणि त्याचा कॅडी बॅगर व्हान्स, म्हणजे भगवान. २००० साली त्यावर सिनेमाही आला.

तर गोल्फमधला अगदी कॉमन दोष म्हणजे स्लाइस. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल सरळ किंवा थोडा डावीकडे निघतो आणि मग उजवीकडे वळत वळत झाडीत जातो. माझा मावसभाऊ खेळतो, त्यामुळे आमच्याकडे हा विषय जेवणाच्या ताटावरही असतो. बॉल उजवीकडे जातोय म्हटल्यावर माणूस काय करतो? डावीकडे नेम धरतो. साहजिकच आहे. पण बॉल वळतो तो क्लबचा फेस आणि क्लब फिरण्याची दिशा यांच्यातल्या फरकामुळे. डावीकडे तोंड करून उभं राहिलं की क्लब आणखी बाहेरून आत, आडवा येतो. हात मात्र नकळत फेस झेंड्याकडेच ठेवतात. फरक वाढतो, बॉल जास्तच वळतो. मग पुढच्या वेळी आणखी डावीकडे नेम.

असं कुणी तुमच्या ओळखीचं आहे का? मीटिंगमध्ये भांडण होतं म्हणून मीटिंगमध्ये बोलायचंच नाही, असं ठरवणारा? आठवडाभर साठतं आणि शुक्रवारी एका मेलमधून बाहेर पडतं. लोक म्हणतात, याच्याशी बोलायची सोय नाही. मग तो आणखी गप्प.

आता खरा प्रश्न. क्लब आणि बॉल एकमेकांना चिकटलेले असतात ते सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. क्लब वरून खाली येतो तोही पाव सेकंदाच्या आसपास. तेवढ्यात कुणी ‘आता सरळ मारायचा’ असं ठरवू शकत नाही. मग त्या क्षणी हातातच काही नसेल, तर दोष माझा कसा? राग आल्यावरही आपण हेच म्हणतो ना, कळलंच नाही मला, तोंडातून निघून गेलं.

मला ही सबब पटत नाही. ‘कळलंच नाही’ हे खरंही असेल, पण जबाबदारी त्यामुळे संपत नाही, ती फक्त अलीकडे सरकते. स्लाइस सुधारतो तो क्लब हलायच्या आधी. डावा हात ग्रिपवर थोडा उजवीकडे फिरवायचा, वरून पाहिलं तर बोटांची दोन-तीन पेरं दिसतील इतका. बॉलच्या पलीकडे, जरासं बाहेर, क्लबचं कव्हर ठेवायचं आणि त्याला न लागता स्विंग घ्यायचा. ऐकायला सोपं. पण नवी ग्रिप हाताला चुकीचीच वाटते, आणि सुरुवातीला बॉल चक्क डावीकडे पळतो. जुना दोष निदान ओळखीचा तरी होता!

म्हणून काही कोच जाळीत मारायला लावतात. बॉल कुठे गेला ते दिसतच नाही. सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. कृष्ण ते नाकारत नाही. अभ्यास आणि वैराग्य, एवढंच सांगतो. वैराग्य म्हणजे संन्यास वगैरे धरून मी बरीच वर्षं तो शब्द लांबच ठेवला होता. जाळीमुळे तो जवळचा वाटायला लागला.

एक अडचण मात्र उरते. ली ट्रेव्हिनो डावीकडेच नेम धरायचा आणि त्याचा बॉल उजवीकडेच वळायचा. सहा मेजर जिंकला तो! पण किती वळणार हे त्याला मारायच्या आधी माहीत असायचं. तो दोष म्हणायचा की स्वभाव? परवा ३५ वा श्लोक आहे, स्वधर्माचा. ट्रेव्हिनोला तोवर थांबवून ठेवू.