गोंदलेली भुवई आणि सोन्याचे नाक

नागपूरच्या इतवारीत सराफा बाजार आहे. निकाहाची तारीख ठरली की घरातल्या आयाबाया तिथे नथ, झुमके पाहायला जातात. सोन्याने सजलेला चेहरा आपण कौतुकाने पाहतो. पण त्या चेहऱ्यावर भुवयाच नसतील तर?

चाई, कर्करोगावरची केमोथेरपी, कुष्ठरोग अशा अनेक कारणांनी भुवया झडतात. काहींच्या परत येतात, काहींच्या येत नाहीत. अशांसाठी त्वचेच्या वरच्या थरात सुईने रंग भरून केसांसारख्या बारीक रेघा काढल्या जातात. काही वर्षांत त्या फिक्या होतात. डॉक्टर याला उपचार म्हणतात. घरातली वडीलधारी मंडळी एकच शब्द वापरतात : गोंदण. आणि गोंदण हराम.

त्यांचे म्हणणे निराधार नाही. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद यांच्या हदीसमध्ये गोंदणारी, गोंदवून घेणारी आणि भुवया उपटवून घेणारी स्त्री यांचा धिक्कार आहे. पण कारणही तिथेच आहे : सौंदर्यासाठी अल्लाहची निर्मिती बदलणे. अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत इब्न अब्बास यांच्या कथनात तर 'आजार नसताना' अशी अटच आढळते.

तरी प्रश्न इतक्या सहज सुटत नाही. हजरत अस्मा यांच्या हदीसमध्ये एक आई पैगंबरांकडे (स.) येते. मुलीचा निकाह लावून दिला आहे, आजारात तिचे केस गळाले आहेत; दुसरे केस जोडू का? उत्तर नकाराचे मिळते. इथे तर आजार होता!

याच्या शेजारी अरफजा इब्न असअद यांची हकीकत ठेवून पाहावी. कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक कापले गेले. चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा पैगंबरांनी (स.) सोन्याचे नाक बसवायला सांगितले. पुरुषाला सोने निषिद्ध असूनही! मला फरक इथे दिसतो : सोन्याचे नाक पाहून कोणी फसत नाही. जोडलेल्या केसांनी मात्र समोरचा फसू शकतो, आणि कित्येक फकीहांनी त्या मनाईचे कारण फसवणूक हेच सांगितले आहे.

२००७ साली मलेशियातील पुत्रजाया येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने आजाराने वा अपघाताने आलेले व्यंग दूर करणाऱ्या शस्त्रक्रियेला मान्यता दिली. गोंदणाबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेतच. पण भुवई जाणे हे किरकोळ दुःख नाही, हे दत्तपूर आणि आनंदवन ज्या विदर्भात आहेत तिथे तरी सांगावे लागू नये. कुष्ठरोगात भुवया बाहेरच्या टोकाकडून विरळ होत जातात. औषधांनी रोग बरा होतो, भुवया बहुधा परत येत नाहीत. रोग जातो, शिक्का उरतो. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात पतीचा कुष्ठरोग हे पत्नीला विवाहविच्छेद मागण्याचे एक कारण होते. २०१९ मध्ये ते काढून टाकण्यात आले. कायद्यातला शब्द पुसला गेला. आपल्या नजरेतला?

म्हणून आजाराने गेलेली भुवई रेखून घेणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवणे मला पटत नाही. ती निर्मिती बदलत नाही, हरवलेले परत मागते आहे. अट एकच : निकाहाच्या बोलणीत हे लपवू नये. आईने सरळ सांगावे, "आजारात मुलीच्या भुवया गेल्या, या रेघा रंगाच्या आहेत." एवढ्यावरून कोणी उठून गेले, तर हिशेब त्यांना द्यावा लागेल, त्या मुलीला नाही.