शेवटच्या बाकावरचा मुख्याध्यापक

शाळेचा मुख्याध्यापक बदलतो तेव्हा यादी करून चार्ज दिला जातो. जनरल रजिस्टर, शिक्षकांचा हजेरीपट, कीर्द, बँकेचे पासबुक, डेडस्टॉक रजिस्टर, पोषण आहाराच्या तांदळाची शिल्लक, गोल शिक्का, कपाटाच्या किल्ल्या. देणारा आणि घेणारा सही करतात. कोणत्या बाई गणितात खुलतात, कोणते गुरुजी गेली दोन वर्षे मनाने शाळेत नाहीत, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली कोणती मुले मागे राहू शकतील, हे त्या यादीत नसते. आणि नव्या मुख्याध्यापकाची खरी कसोटी तिथेच लागते.

आपल्याकडच्या खासगी शाळांत हे पद साधारणपणे सेवाज्येष्ठतेने मिळते. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या सेवाशर्तींच्या 1981 च्या नियमावलीने ते बांधून दिले आहे, आणि मला ते योग्य वाटते. ज्येष्ठतेचा आधार नसता तर संस्थाचालकांच्या मर्जीला मोकळे रान मिळाले असते. पण ज्येष्ठता माणसाला खुर्चीपर्यंत आणून सोडते. वीस-पंचवीस वर्षे वर्गात रमलेला शिक्षक एका जूनमध्ये कार्यालयात बसतो आणि त्याच्या हातातला खडू सुटतो. हे सुटणे किती खोलवरचे असते, याबद्दल आपण फारसे बोलत नाही. वर्गात त्याला शिकवल्याचे फळ तिथल्या तिथे दिसत होते. मुलाला समजले की त्याचा चेहरा बदलतो, आणि शिक्षक त्यावर जगतो. मुख्याध्यापकाच्या कामाचे फळ मात्र दुसऱ्याच्या हातून, उशिरा आणि बहुधा दुसऱ्याच्या नावावर येते. जो उत्तम शिकवत होता त्यालाच हे सर्वांत जड जाते.

पाठनिरीक्षणाचा तास घ्या. तिसरीचा वर्ग, नव्या बाई, फळ्यावर बावन्न वजा सत्तावीस. मुख्याध्यापक शेवटच्या बाकावर बसले आहेत. शेजारच्या मुलीने वहीत उत्तर लिहिले आहे पस्तीस. नुसत्या तपासणीला आलेला माणूस चूक पाहील आणि पुढे जाईल. शिक्षक राहिलेल्या माणसाला त्या पस्तीसमागचा विचार दिसतो: दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलीने सातातून दोन वजा केले. तिने आपल्यापुरता नियम केला आहे, मोठ्यातून लहान काढायचा. बाई फळ्यावर दशक सुटा करून दाखवताहेत, पण घाईने. अशा वेळी उठून खडू घ्यावा, पाच मिनिटांत सगळा वर्ग आपल्या बाजूने वळवावा, अशी ऊर्मी येतेच. ती आवरता आली की मुख्याध्यापक घडू लागतो. तास संपल्यावर तो ती वही बाईंपुढे ठेवतो आणि विचारतो, "या मुलीला पस्तीस का वाटलं असेल?" पुढच्या वेळी वर्गात फिरताना बाई स्वतःच अशी वही शोधतील. लॉगबुकात 'पाठ समाधानकारक' एवढेच लिहिणाऱ्याकडून हे होणार नाही.

हे काम शिकायचे कुठे? मला याचे उत्तर कोसबाडच्या टेकडीवर सापडते. ताराबाई मोडक राजकोटला स्त्रियांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ते पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गेल्या. प्राचार्यपदावरून लहान मुलांच्या वर्गात, दुसऱ्याच्या हाताखाली शिकायला! पुढे 1945 साली त्यांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम मांडले तेव्हा अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. अनुताई तेव्हा पस्तिशीच्या होत्या आणि शिक्षिका म्हणून मुरलेल्या होत्या. तरी त्या ताराबाईंच्या शेजारी राहून शिकत गेल्या. काम बोर्डीहून कोसबाडला गेले. वारली पाड्यांवरची मुले शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. असे निर्णय कसे घेतात, कुठे माघार घ्यायची, सरकारी दारी किती वेळा जायचे, हे सारे अनुताईंनी कामातच पाहिले. 1973 साली ताराबाई गेल्या, तेव्हा अनुताईंना नव्याने चार्ज घ्यायचा नव्हताच. जवळजवळ अठ्ठावीस वर्षे ते काम त्यांच्या अंगात भिनत होते. अनुताईंच्या स्वतःच्या तळमळीला यात मोठा वाटा आहे, पण ताराबाईंनी त्यांना वाढायला जागा दिली, याचे मोल मला तितकेच वाटते. कर्तृत्ववान माणसाच्या सावलीत दुसरे कोणी वाढत नाही, हा आपला नेहमीचा अनुभव.

कार्यालय विद्येला मारते असेही म्हणायचे कारण नाही. वामन शिवराम आपटे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचा कारभार पाहत असतानाच विद्यार्थ्यांसाठी संस्कृत रचनेचे पुस्तक लिहीत होते. 1885 मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले आणि त्यानंतर त्यांचा संस्कृत कोशही आला.

आज मात्र चित्र वेगळे आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत दीडशेहून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. बाकी ठिकाणी शिक्षकांपैकीच एकाकडे पदभार असतो: अनेकदा दोन इयत्ता एका खोलीत, आणि वर ऑनलाइन माहिती, आहाराचा हिशेब, व्यवस्थापन समितीची सभा. या माणसाचा वर्ग सुटत नाही, पण रोज त्यातले तास कापले जातात. मोठ्या शाळेत उलटे घडते. तिथे वर्ग पूर्ण सुटतो आणि काही वर्षांत मुख्याध्यापकाला मुलांच्या वहीतली चूक वाचता येईनाशी होते. मला हे दुसरे नुकसान अधिक गंभीर वाटते, कारण ते कोणत्याही अहवालात दिसत नाही.

म्हणून संस्थाचालकांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना विनंती आहे. ज्येष्ठता यादीत पुढचे नाव कोणाचे, हे तुम्हाला आधीच ठाऊक असते. त्या शिक्षकाला चार्ज देण्यापूर्वी निदान एक वर्ष मुख्याध्यापकाच्या शेजारी बसू द्या. वेळापत्रक लावताना, पालकांची तक्रार ऐकताना, पाठनिरीक्षण करताना. प्रशिक्षण खुर्चीवर बसल्यावर देऊ नका, आधी द्या. आणि चार्ज दिल्यावर आठवड्यातले चार-सहा तास त्याच्या नावावर वर्गात ठेवा. त्या वेळात त्याला कोणत्याही बैठकीला बोलावू नका.