शैक्षणिक पात्रता

मी बी.कॉम. आहे. हे मी विचारल्याशिवाय कुणाला सांगत नाही, आणि कुणी विचारत नाही. नागपूर विद्यापीठाने दिलेला तो कागद मात्र लॅमिनेट करून ठेवलाय. डोक्यातलं उडालं तर उडालं, कागद उडता कामा नये!

बदली होऊन मी नवेगाव बांधला आलो. इथलं तळं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने बांधलं म्हणतात. डोंगरांमधल्या मोकळ्या जागा हेरून त्याने बांध घातले, नि एवढं मोठं पाणी जागच्या जागी बसवलं. मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ साली, नागपूरचं १९२३ साली. म्हणजे पदवी देणारे यायच्या कितीतरी आधीच या गृहस्थाने तळं बांधून टाकलं होतं, आणि लोकांनी त्याचा देव करून टाकला. आज तो आमच्याकडे कर्ज मागायला आला असता, तर 'शैक्षणिक पात्रता' हा रकाना कोरा बघून पाणी अडवणाऱ्याला मीच अडवला असता.

हसू नका. मला व्हाउचर लिहायला शिकवलं ते आमच्या पहिल्या शाखेतल्या शिपायाने. कॉलेजात तीन वर्षांत न कळलेलं नावे-जमा त्याने एका दुपारी, चहाच्या कपबशा मांडून समजावलं. तो दहावी नापास. शिपाई म्हणूनच निवृत्त झाला. मी अजून त्याच्या विद्येवर पगार घेतोय. हे खातं कुठे जुळवायचं?

परवा एक म्हातारबा काउंटरवर आले. नातवाला इंजिनिअरिंगला घालायचंय, तळ्याखालच्या दोन बांध्या विकू की कर्ज काढू, म्हणाले.

"सायेब, कालेजात तळं बांधाले शिकवतेत का जी?"

"शिकवतात की!"

"मंग कोलू पाटील कोठी शिकला?"

मी पेन शोधू लागलो. ते कानालाच होतं.

"तुमचा पोरगा का करते?"

"नागपूरला कॉलेजात आहे."

"मंग झालं," म्हणाले, आणि हात पुढे केला, "द्या फारम."

बांध्या तेवढ्या विकू नका, एवढं मात्र मी दोनदा सांगितलं. फॉर्म मीच भरला. पालकाच्या शिक्षणाच्या रकान्यापाशी अडलो. मागे रांग वाढत होती. मी 'निरंक' लिहिलं.