आधी सांगायचं होतं, बापू

पाया पडून झालं असेल तर बस, आणि मधे बोलू नको. शाळेत फळ्यावरचं चुकलेलं गणित पाठीनं झाकून उभा राहायचास. आता संत्र्याच्या पॅकिंग केंद्राचा कारभार तुझ्या हाती आला, तरी झाकायची खोड गेली नाही.

तुझ्या केंद्रातल्या बाया माझ्याकडे येऊन गेल्या. सकाळी डबे घेऊन पोचल्या तर फाटकावर कागद: पुढील सूचनेपर्यंत काम बंद. या कामाच्या भरवशावर एकीनं बचत गटाचं कर्ज उचललंय. दुसरीनं कापूस वेचायला बोलवायला आलेल्यांना परत पाठवलं. माल कमी येणार हे तुला दिवाळीआधीच ठाऊक होतं, आणि विचारलं की तुझं एकच, "पाहू, होईल काहीतरी."

काहून रे? आंबिया बहाराची फळगळ काय तू केलीस? बांगलादेश आपल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक. त्यांनी 2019 पासून आयात शुल्क चढवत नेलं, त्याचा मार मोर्शी-वरूडच्या बागांनी खाल्ला. तेही तुझ्या हातात नव्हतं. त्याबद्दल कोणी तुझी गचांडी धरली नसती. माहीत असून गप्प बसलास, हे मात्र सर्वस्वी तुझं.

म्हणे, त्यांचं मन दुखवायचं नव्हतं! मला शिकवू नको. तुला त्यांच्यासमोर वाईट व्हायचं नव्हतं. एखादी रडली असती, एखादीनं चार शिव्या हासडल्या असत्या, आणि तेवढा वेळ तुला मान खाली घालून उभं राहावं लागलं असतं. ते टाळलंस, आणि त्याचं बिल त्यांच्या घरी पाठवलंस.

सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणाचे दरवाजे उघडायचे तर नदीकाठच्या गावांना आधी इशारा जातो. ढोरं वर न्यायला वेळ मिळावा म्हणून. घरात पाणी शिरल्यावर दवंडी पिटणाऱ्याला तू काय म्हणशील? वाईट बातमीची किंमत ती कधी दिली यावर ठरते, एवढं तरी धरणाजवळ वाढलेल्या माणसाला कळायला हवं.

आणि ते मोबाइलवरच्या ग्रुपचं काय? "काही जणींना डागी फळ ओळखता येत नाही." नाव नाही, गाव नाही. दहा जणी रात्रभर जळल्या आणि जिचा हात चुकत होता ती निवांत झोपली. तिला बाजूला घेऊन, फळ हातात देऊन विचारायला काय झालं होतं? वर त्या हिशेबाच्या पोराला सगळ्यांदेखत झापलंस आणि मला सांगतोस, "सर, मी स्पष्ट बोलतो." ज्याच्याकडून उलट उत्तर यायची भीती नाही त्याच्यावर कोणीही ओरडतं.

तुझ्या टेबलामागं गाडगेबाबांचा फोटो आहे. 20 डिसेंबरला हार घालतोस. शेंडगावात जन्मलेला, आपल्याच जिल्ह्याचा माणूस. कीर्तनात समोरच्यालाच प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे. कर्ज काढून सण करणारा, देवापुढं बकरं कापणारा, कोणी सुटत नसे. ऐकणारे उठून का गेले नाहीत? कारण गावात आल्यावर आधी त्यांच्या हातात खराटा दिसायचा. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडली ती स्वतःच्या घरी, भाऊबंदांच्या तोंडावर. लोकांच्या पैशातून एवढ्या धर्मशाळा उभ्या केल्या, पण आपल्या घरच्यांचा त्यांवर काडीचा हक्क नाही हे स्वच्छ सांगून ठेवलं. आधी स्वतःला लावलेला नियम होता तो. तू मात्र बायांचं काम बंद केलंस. स्वतःचा पगार चालू आहे की नाही, हे त्यांना सांगितलंस? बघ, लगेच घड्याळाकडे पाहतोस.

उद्या सकाळी सगळ्यांना बोलाव. मुकादमाला पाठवू नको, स्वतः उभा राहा. किती माल येणार, त्यात किती जणींना काम मिळेल, मागली मजुरी कोणत्या तारखेला देणार, ते सांग. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हण, आणि कधी कळेल ते सांग. मृगाच्या बहाराची आशा दाखवून वेळ मारून नेऊ नको. तो माल फेब्रुवारीआधी यायचा नाही, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. बोलतील ते ऐकून घे.

मजुरीचा हिशेब मात्र नावानिशी लिहून ने. तुझ्या तोंडी आकड्यावर आता त्या विश्वास ठेवायच्या नाहीत.