सुटलेल्या बाणाची पिसे

शंकराचार्यांनी प्रारब्धासाठी दोन दृष्टान्त वापरले. छांदोग्य उपनिषदाच्या भाष्यात धनुष्यातून सुटलेला बाण आणि ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात कुंभाराचे फिरते चाक. प्रश्न ज्ञान्याचा होता. ज्ञान झाल्यावर कर्म जळून जाते म्हणता, मग त्याचा देह त्याच क्षणी का पडत नाही? उत्तर असे, की जे कर्म फळ द्यायला लागले आहे, ते वेग संपेपर्यंत चालणारच. ‘विवेकचूडामणी’ हा ग्रंथही परंपरेने आचार्यांच्याच नावावर आहे. त्यात हा बाण आणखी निष्ठुर होतो: वाघ समजून सोडला, मग कळले की ती गाय आहे, तरी बाण थांबत नाही. टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक अख्खे प्रकरण लिहिले, ते याच कोड्यापायी.

माझा अभ्यास शास्त्राचा नाही. पण हातातून एकदा सुटलेली वस्तू पुढे काय करते, हे मी बरीच वर्षे बारकाईने पाहत आलो आहे. मी बंद हॉलमध्ये उडणारी, रबराच्या पिळावर चालणारी छोटी विमाने करतो. त्यांना रिमोट नसतो, दोरी नसते. हातातून सुटले की सुटले. मग मी फक्त मान वर करून बघायचे.

आमच्या आंबिवलीला हा छंद कुठून आला असे लोक विचारतात. मी मोहन्याच्या एनआरसीमध्ये, म्हणजे नॅशनल रेयॉनमध्ये, प्रयोगशाळेत होतो. 2009 साली कारखाना बंद पडला त्याच्या आधीच निवृत्त झालो. आमचे सगळे आयुष्य हलक्या वस्तूंचे वजन करण्यात गेले. रेयॉनच्या धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात: नऊ हजार मीटर धाग्याचे वजन किती ग्रॅम, तेवढा डेनियर. 75 डेनियरचा धागा म्हणजे इथून टिटवाळ्याच्या पुढे जाईल एवढी लांबी आणि वजन 75 ग्रॅम. असल्या हिशोबाची सवय झालेल्या माणसाला तीन ग्रॅमचे विमान परके वाटत नाही. जागतिक स्पर्धेतली विमाने त्याहून हलकी. पंखांचा पसारा जास्तीत जास्त 550 मिलिमीटर, वजन कमीत कमी 1.4 ग्रॅम, रबर 0.4 ग्रॅमपेक्षा जास्त नाही. रोमानियात स्लॅनिक इथल्या मिठाच्या खाणीत, जिथे वारा म्हणून नसतो, तिथे ती वीस-पंचवीस मिनिटे आणि त्याहूनही जास्त वेळ तरंगतात. आमच्याकडे मंगल कार्यालयाचा हॉल. लग्नाचे मुहूर्त नसतात त्या दिवसांत मालक सकाळचे दोन तास देतात, पंखे बंद आणि दारे लावून.

पंखांसाठी बाल्सा लाकूड, त्याच्या काड्या काडेपेटीतल्या काडीहून बारीक. प्रोपेलरची पाती दह्याच्या प्लास्टिकच्या कपातून कापायची. कपाच्या गोलाईत तिरकी कापली की पात्याला हवा तो पीळ आपोआप मिळतो. प्रोपेलरचा दांडा गिटारच्या तारेचा. वजनाला सोनाराचा डिजिटल काटा. पंखावर मढवायला बाजारातली सर्वांत पातळ पिशवी चालते, पण मन लावून करायचे असेल तेव्हा मी जुन्या रीतीने पडदा ओततो.

हे ओतणे सांगितलेच पाहिजे. मोठ्या पसरट परातीत पाणी भरून ते अगदी निवळू द्यायचे. नायट्रोसेल्युलोजच्या द्रावणात एरंडेलाचे थोडे थेंब मिसळलेले असतात, नाहीतर पडदा ठिसूळ होतो. चमचाभर द्रावण पाण्याच्या अगदी जवळ धरून एका दमात सोडायचे. ते पळत पसरते, कडेला जाऊन थांबते आणि रंग उमटायला लागतात: सोनेरी, गुलाबी, हिरवट. रंगावरून जाडी कळते. जिथे रंगच दिसत नाही तिथे पडदा इतका पातळ असतो की उचलताना फाटतो. लाकडाच्या लगद्यातले सेल्युलोज विरघळवून त्याचे सूत काढण्यात आमच्या कारखान्याची उभी हयात गेली, आणि हा पडदा त्याच सेल्युलोजचा भाऊबंद. तारेच्या चौकटीवर तो पाण्यातून अलगद उचलून सुकवायचा आणि पंखाच्या काड्यांना थुंकी लावून त्यावर चिकटवायचा. डिंक जड होतो, पाणी लगेच उडून जाते. थुंकीसारखे दुसरे काही नाही. नात पहिल्यांदा बघायला बसली तेव्हा म्हणाली, “आबा, म्हणजे हे उष्टं विमान!” मी म्हटले, शबरीची बोरे आठव.

खरे काम त्यानंतर, हॉलमध्ये. विमानाला आपण जी काही वळणे लावतो ती सोडण्याआधीच लावतो. ते डावीकडे गोल फिरावे म्हणून शेपटीचा उभा पंख जरासा डावीकडे. गोल फिरताना आतला पंख हळू चालतो आणि खाली पडू पाहतो, म्हणून त्याची पुढची कड केसभर वर पिळायची. नाक वर करून हिंदकळत असेल तर मुख्य पंखाचा कोन कमी करायचा. खाली झेपावत असेल तर वाढवायचा. हे सगळे एका कागदी नळीत काडी वरखाली सरकवून होते, अर्ध्या मिलिमीटरच्या हिशोबात. एका वेळी एकच बदल. मग रबराला पीळ द्यायचा, सुरुवातीचा जोर जास्त झाला तर छताला धडकते म्हणून थोडे पीळ सोडायचे, आणि बोटे उघडायची.

या क्षणाला बाणाचा दृष्टान्त हुबेहूब लागू पडतो, असे मला फार दिवस वाटत होते. आता वाटत नाही.

कारण मी जे लावून दिले ते मार्ग नव्हताच. छताजवळ कुठे ऊन तापून हवा वर चढत असेल, कोणी दार उघडले तर गार झोत येईल, हे मला आधी ठाऊक नसते आणि विमानालाही नसते. तरी झोत लागून डावा पंख खाली गेला की विमान त्या बाजूला घसरते. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे किंचित वर उचललेले असल्यामुळे खालच्या पंखाला हवा जास्त कोनात भिडते आणि तो पुन्हा वर येतो. नाक वर गेले तर मागच्या पंखाची उचल, पुढच्याच्या मानाने, चटकन वाढते आणि नाक खाली येते. 1871 साली पॅरिसच्या त्विलरी बागेत आल्फोन्स पेनो या तरुणाने रबरावर चालणारे छोटे विमान उडवून दाखवले. ते 11 सेकंद उडाले आणि वर कोणी नसताना आपला तोल आपणच सावरत गेले. मागच्या पंखाच्या कोनाचे मर्म त्याने ओळखले होते. सोडणाऱ्याने आत ठेवून दिली ती सावरण्याची रीत. वाट हवेशी भिडल्यावर ठरली. कोणतीही दोन उड्डाणे सारखी होत नाहीत, विमान तेच असले तरी.

हे मी एवढे ओढून धरतो त्याला कारण आहे. माझ्या पत्नीला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात आणि उजवा पाय गेला. भेटायला आलेले एक गृहस्थ, आमच्याच दिंडीतले, मनाने अगदी निर्मळ, पलंगाशेजारी बसून तिला म्हणाले, “वहिनी, सुटलेला बाण आहे. भोगूनच संपवायचं.” त्यांना धीर द्यायचा होता हे मला कळते. पण त्यानंतर ती दोन दिवस व्यायामाला उठली नाही. ज्ञान्याचा देह का टिकतो हे समजावणारा दृष्टान्त आपण आजारी माणसाच्या उशाशी नेऊन ठेवतो. तिथे तो ‘पडून राहा’ असे सांगू लागतो. आचार्यांनी तो त्यासाठी दिला नव्हता.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी वेगळे बोलली. ती म्हणाली, “काका, मेंदूचा जो भाग गेला तो परत येत नाही. पण बाकीचे भाग सरावाने त्याचं काम उचलतात. काकूंनी उजव्या हातानं वाटी धरायचा प्रयत्न रोज केला पाहिजे, धरता आली नाही तरी.” यात बाण नाकारलेला नाही. गेले ते गेलेच. पण ज्याला झटका आला त्याच देहात सावरण्याची सोयही आहे, आणि ती मागाहून कोणी दिलेली नाही, त्याच सोडण्यात आलेली आहे. प्रारब्ध म्हणून झटका मोजायचा आणि ही सोय मोजायची नाही, हा हिशोब मला पटत नाही. प्रयोगशाळेत असा हिशोब कोणी मला लिहू दिला नसता.

यावर खरा आक्षेप आहे, आणि तो मला रात्री जागवतो. विमानाचे सावरणेही शेवटी मीच लावून दिलेले. मग त्यात विमानाचे स्वातंत्र्य कुठे आले? सावरण्याची रीतही प्रारब्धच ठरली, तर माणसाच्या हाती काय राहिले? विमानापुरते मी हे मान्य करतो. ते स्वतंत्र नाही. पण विमान खाली येते तेव्हा मोडलेली काडी तिरकी कापून, जोडावर बाल्साची कपची बसवून, पुन्हा काट्यावर टाकून दुरुस्ती मी करतो. माणसाची दुरुस्ती माणूस स्वतः करतो, तीही उडता उडता. वाटी सुटून पडली की पुन्हा उचलायची की नाही, हे रोज सकाळी माझी पत्नी ठरवते. काही सकाळी ती नाही म्हणते. त्या ‘नाही’मुळेच माझी खात्री पटते की इथे नुसता पीळ उलगडत नाही. पिळाला नाही म्हणता येत नाही.

आणि बाणाबद्दलही एक गोष्ट राहून जाते. बाणाला मागे पिसे असतात. वाऱ्याने टोक भरकटले की ती त्याला पुन्हा सरळ करतात. माझ्या विमानाची शेपटी करते तेच काम. पिसांवाचून सोडलेला बाण हवेत आडवा होतो. म्हणजे ज्या बाणाला आपण मुकाट भोगण्याचे प्रतीक केले, तोही वाटेत सारखा सावरतच चाललेला असतो. कीर्तनात त्याचे टोक ऐकू येते, पिसे कधी ऐकू आली नाहीत.

कुंभाराच्या चाकाचे मात्र मला अजून विचारायचे आहे. आमच्याकडे कार्तिकीच्या सुमारास महाराज येतात, भाष्य शिकलेले आहेत, रागावत नाहीत. आचार्य म्हणतात की एकदा वेग घेतलेले चाक तो वेग संपेपर्यंत फिरत राहते, तसा ज्ञान्याचा देह. पण कुंभार चाकाच्या खाचेत काठी घालून ते गरगर फिरवतो, काठी बाजूला ठेवतो, आणि मग मातीला हात लावतो. मडके घडते ते काठी काढून घेतल्यानंतरच्या वेगात. तो वेग हेच प्रारब्ध असेल, तर महाराज, घडवण्याचा सगळा काळ त्याच्या आतच येतो की नाही?