खुर्चीला नवं कापड

घरातल्या जुन्या सामानात आरामखुर्चीइतकी साधी-सरळ वस्तू दुसरी नसेल. सागवानी चौकट, वर एक आणि खाली एक दांडा, आणि त्या दोन दांड्यांमध्ये झोळीसारखं सैल सोडलेलं जाड कापड. बसणाऱ्याचा सगळा भार ते कापड पेलतं, म्हणून आधी तेच विरतं. चौकट मात्र दोन-दोन पिढ्या जागची हलत नाही. तरीही कापड फाटलं की सबंध खुर्ची माळ्यावर जाते, नाहीतर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. वार-दीड वार कापडापायी चांगलं सागवान मोडीत काढायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

ज्या सुताराने ही रचना पहिल्यांदा केली असेल, त्याने कापड फाटणार हे गृहीतच धरलं होतं. दांडा खाचेतून उचलला की नेफ्यातून सरकन बाहेर येतो. खिळा नाही, गोंद नाही. नवं कापड घालायला सुतारही लागत नाही, घरात शिवणयंत्र असलं की पुरे. दोनच गोष्टी सांभाळायच्या. कापड उभ्या धाग्यात कापायचं, कारण तिरकं कापलेलं कापड भाराने ओघळत जातं. आणि नेफ्याला दुहेरी शिवण घालायची, कारण सगळा ताण तिथेच येतो. कोरं कॅनव्हास असेल तर आधी भिजवून, वाळवून घ्यावं. एकदा शिवल्यावर ते आटलं, तर दांडे खाचेपर्यंत पोचत नाहीत.

भार घ्यायला कॅनव्हासच हवं. पण त्याच्यावर, पाठ टेकते तिथे, काय घालायचं हा प्रश्न उरतो, आणि माझं मन खरं रमतं ते इथे. कपाटात तळाशी घडी करून ठेवलेलं एखादं इरकली लुगडं बाहेर काढून बघा. अंगाचा सुती भाग जाळीसारखा झालेला असतो, घडीवर चिरलेला असतो. काठ मात्र अजून घट्ट असतो. पदर तर त्याहून. इरकलीत अंगाचा ताणा सुती आणि पदराचा रेशमी. हे दोन ताणे विणकर मागावर एकेका धाग्याचा फास दुसऱ्यात अडकवून जोडतात. ‘टोपे-तेनी’ म्हणतात ते या पद्धतीला. ती सांध्याची रेघ बोटाने चाचपली तर लागते. असा काठ-पदर कपाटात कुजत पडू देणं मला फार जिवावर येतं.

जुन्या कापडाचा आणखी एक गुण आहे. आटायचं ते आटून झालेलं असतं, रंग जायचा तो गेलेला असतो. बाजारातलं नवं कापड ही हमी देत नाही. विरलेला सुती भागही वाया जात नाही, त्याच्या दोन-तीन घड्या पाठीच्या आवरणाच्या आतल्या थराला घालाव्यात. वर एखादा धडसा तुकडा ठेवून गोधडीसारखा धावदोरा मारावा. आपल्याकडच्या बायका कडेपासून सुरुवात करून आत आत येतात, म्हणजे थर सरकत नाहीत. धावदोरा सरळच पडला पाहिजे असं नाही. टाका थोडा लहान-मोठा झाला तरी थर धरून ठेवायचं काम तो चोख करतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारही कोपऱ्यांना कापडाचे दुमडलेले त्रिकोण लावतात. त्यांना त्या फुलं म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. आपल्याला खणाचे उरलेले तुकडे असे कोपऱ्यांना लावता येतील.

हल्ली जुन्या लाकडावर फेविकॉलने कापड चिकटवायची पद्धत निघाली आहे. दिसतं छान, पण माझा त्याला विरोध आहे. चिकटवलेलं कापड धुता येत नाही, मळलं की ओरबाडून काढावं लागतं, आणि लाकडाचं पॉलिश त्याच्याबरोबर निघून येतं. पावसाळ्यात त्याच्याखाली दमटपणा धरतो, तो वेगळाच. कापड लावायचं ते काढता येईल असंच लावावं. चार नाड्या शिवल्या की झालं. दिवाण असो, लाकडी बाक असो की ऑफिसातून घरी आलेली जुनी खुर्ची असो, नाडी सगळीकडे चालते.

लुगड्याचा पदर मात्र शेवटपर्यंत राखून ठेवावा आणि डोकं टेकतं त्या जागी लावावा. केसांच्या तेलाचे डाग पडतात ते नेमके तिथेच, म्हणून त्याला अस्तर घालून स्वतंत्र नाड्या लावायच्या. बाकीचं जागच्या जागी ठेवून तेवढाच सोडवून धुता येतो, आणि रेशीम असल्यामुळे सावलीत वाळवला की पुरतो.