आधीची गोष्ट नंतर वाच

वळसंग, ता. दक्षिण सोलापूर

चि. छकुलीस,

तुझं पत्र मिळालं. विचर मालिकेतलं नवं पुस्तक, ‘क्रॉसरोड्स ऑफ रेव्हन्स’, तुझ्या हाती आलंय. त्यातला नायक गेराल्ट अठरा वर्षांचा आहे, म्हणजे गोष्ट मालिकेच्या आधीची. शिवाय ते स्वतंत्रपणे वाचता येतं, असं तुझ्या मैत्रिणी सांगतात. मग सुरुवात तिथूनच करू का, असं तू विचारलंस. माझं उत्तर आहे, नको. आधी कथांची जुनी दोन पुस्तकं वाच, मग हे घे. असं का म्हणते ते सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न या एका पुस्तकापुरता नाही.

आधी लेखकाकडे बघ. आंद्झेय सापकोव्स्की हा पोलंडमधल्या वूच शहराचा, 1948 सालचा जन्म. अर्थशास्त्र शिकून परदेशी व्यापारात नोकरी करणारा हा माणूस. ‘फान्तास्तिका’ मासिकाच्या कथास्पर्धेसाठी त्याने एक गोष्ट लिहिली. ती 1986 साली छापून आली आणि पांढऱ्या केसांचा, पैसे घेऊन राक्षस मारणारा, म्हणजेच ‘विचर’, गेराल्ट जगात आला. पुढे कथांची दोन पुस्तकं झाली, 1999 पर्यंत पाच कादंबऱ्या झाल्या. मोठ्या खंडानंतर 2013 मध्ये ‘सीझन ऑफ स्टॉर्म्स’ आलं आणि 2024 मध्ये हे नवं पुस्तक पोलिश भाषेत निघालं. इंग्रजीत ते पुढच्या वर्षी आलं. म्हणजे गेराल्टचं अठरावं वर्ष लिहिताना लेखक पंचाहत्तरी ओलांडून गेला होता. आपल्या या पोराचं पुढे काय होणार, तो कुणाला जीव लावणार, कुठे ठेचकाळणार, हे सगळं त्याला ठाऊक होतं. ते ओझं मनात घेऊन त्याने हे पुस्तक लिहिलंय. वाचकानेही तेवढं ओझं घेऊनच ते वाचावं.

एक उदाहरण देते. ‘द लास्ट विश’ या कथांच्या पुस्तकात जखमी गेराल्ट एका देवळात पडून आहे आणि मौन पाळणाऱ्या एका मुलीशी बोलतोय. बोलता बोलता तो आपल्या पहिल्या राक्षसाची हकीकत सांगतो. तो राक्षस म्हणजे माणूसच होता, टकला, किडक्या दातांचा. सैन्यातून पळालेल्या टोळीतला हा माणूस वाटेत एका पोरीच्या अब्रूवर हात टाकत होता. गेराल्टने त्याला मारलं. पोर वाचली, पण त्या माणसाच्या रक्ताने माखलेली ती ओकली आणि गेराल्ट जवळ जाताच भीतीने बेशुद्ध पडली. हकीकत जेमतेम काही ओळींची आहे. सांगणारा थकलेला आहे, त्यामुळे पुढे काय झालं ते तो फारसं सांगत नाही.

नवं पुस्तक तिथेच जाऊन उभं राहतं. चांगलं करायला गेलेल्या या पोराच्या गळ्याशी फास येतो आणि प्रेस्टन होल्ट नावाचा एक म्हातारा विचर त्याला सोडवून आपल्या हाताखाली घेतो. हे आधी वाचलंस तर ती एक चित्तथरारक घटना ठरेल, बस्स. जुनं पुस्तक आधी वाचलंस, तर देवळातला तो थकलेला माणूस तुला आठवेल आणि त्याने त्या मुलीजवळ काय काय गाळलं होतं, ते एकेक कळत जाईल.

तू म्हणशील, पण शेवट माहीत असला तर मजा काय? गेराल्ट जगणार हे ठाऊकच आहे!

आपल्या जिल्ह्यातल्या माणसांना हा प्रश्न पडू नये. सांगोल्याकडच्या नाझऱ्याचे श्रीधरस्वामी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप लिहून गेले आणि तेव्हापासून श्रावणात या पोथ्या लागताहेत. एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा. अभिमन्यू चक्रव्यूहातून बाहेर येत नाही, हे ऐकणाऱ्यांतल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी तो अध्याय लागला की ओसरीवर कुजबुज थांबते. वाचणाऱ्याचा आवाज जड होतो, बायका पदर डोळ्यांना लावतात. पुढे काय होणार याची चिंता संपलेली असते, म्हणून लक्ष दुसरीकडे जातं. निघताना तो काय बोलला? कोण त्याला थांबवू शकलं असतं आणि थांबवलं नाही? शेवट ठाऊक असणारा वाचक माणसाच्या प्रत्येक निवडीची किंमत मोजत वाचतो.

आधीची गोष्ट नंतर सांगायची रीतही आपल्याकडे जुनी आहे. रामायणातलं उत्तरकांड काढून बघ. युद्ध संपलंय, राम अयोध्येला परतलाय आणि मग अगस्त्य ऋषी त्याला रावणाच्या कुळाची, त्याच्या तपाची, वरांची कथा सांगतात. ज्याला मारलं त्याचा भूतकाळ मारणाऱ्याला नंतर कळतो! त्यातच राम विचारतो की हनुमान एवढा बलवान, मग सुग्रीवावर संकट आलं तेव्हा त्याने वालीला का नाही आवरलं? अगस्त्य त्याचं बालपण सांगतात. सूर्याला फळ समजून घेतलेली झेप, इंद्राचं वज्र, देवांचे वर, आश्रमांतला दंगा आणि शेवटी ऋषींचा शाप, की तुझं बळ तुला आठवणार नाही. समुद्रकाठी गप्प बसलेला हनुमान आपण किष्किंधाकांडात पाहिलेला असतो, त्या गप्प बसण्याचं कारण इथे हाती येतं. उत्तरकांड मूळ काव्याला नंतर जोडलं गेलं, असं बरेच अभ्यासक मानतात. मला ते पटतं. ऐकणाऱ्यांच्या मनात प्रश्न राहिले होते, म्हणून कुणाला तरी मागे जाऊन उत्तर द्यावं लागलं.

चांगल्या पूर्वकथेची माझी पहिली कसोटी हीच: वाचकाच्या मनात खरोखर राहिलेल्या प्रश्नाला तिने हात घालावा. दुसरी कसोटी, तिने सगळंच उलगडून टाकू नये. नायकाच्या अंगावरच्या प्रत्येक व्रणाची वंशावळ सांगणारं पुस्तक त्याला लहान करतं. आणि तिसरी, तिच्यात असं काहीतरी असावं ज्याचा शेवट आपल्याला ठाऊक नाही. आधीच्या पुस्तकांत प्रेस्टन होल्ट कुठेही नाही. गेराल्ट वाचणार हे माहीत असतं, होल्टचं मात्र काहीच माहीत नसतं. पुस्तकाचा जीव तिथे आहे, म्हणून त्याच्याविषयी मी अवाक्षर काढत नाही. राहिला स्वतंत्रपणे वाचण्याचा मुद्दा. नारायण धारपांच्या, समर्थ या नायकाच्या कथाही एकेकट्या वाचता येतात, प्रत्येक प्रकरण आपल्या जागी पुरं होतं. स्वतंत्र असणं हा गुण आहेच. पण एकटं वाचता येतं म्हणजे सगळ्यांत आधी वाचावं, असं होत नाही.

आता यापेक्षा महत्त्वाचं लिहिते. गेराल्टला गावं बोलावतात, कारण विहिरीजवळ, पुलाखाली, स्मशानात काहीतरी आहे आणि ते काम दुसरं कुणी करणार नाही. काम झालं की पैसे मोजताना घासाघीस होते, आणि त्याने गाव लवकर सोडावं असं सगळ्यांना वाटतं. ज्याच्याकडून काम घ्यायचं त्यालाच जवळ उभं करायचं नाही, हा या पुस्तकांतला खरा अंधार आहे. राक्षस त्या मानाने सोपे.

वळसंगच्या मुलीला हे कुणी समजावून सांगायला नको. आपल्या गावच्या विहिरीसाठी 1937 साली बाबासाहेब इथे आले आणि त्यांच्या हस्ते ती खुली झाली. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा दहा वर्षं झाली होती. तू ती विहीर लहानपणापासून बघतेस. तिच्या गोष्टीचा शेवट तुला ठाऊक आहे, पण सुरुवात? महाराष्ट्रात गावोगावी अस्पृश्य ठरवलेली माणसं रिकामी घागर घेऊन, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळत उभी राहत होती. गावची मेलेली जनावरं तीच ओढत होती, गावाची राखणही तीच करत होती. कल्पनेतला विचर आणि ही माणसं एका तागडीत तोलायची नाहीत, कारण त्यांची तहान खरी होती. पण एक शिकायला हरकत नाही. मिळालेल्या गोष्टीची किंमत तिच्या आधीची गोष्ट ऐकल्यावरच कळते, आणि ती गोष्ट आपण होऊन मागे जाऊन विचारावी लागते.

तेव्हा क्रम असा ठेव. आधी ‘द लास्ट विश’, मग ‘सोर्ड ऑफ डेस्टिनी’, मग हे नवं. पाच कादंबऱ्या त्यानंतर सावकाश घे, त्यांची घाई नाही. पुस्तकात क्रौर्य आहे, ते टाळून पुढे जाऊ नकोस, पण जड वाटलं तर मिटून ठेव आणि मला फोन कर. उन्हाळ्याच्या सुट्टीत येशील तेव्हा गावातल्या जुन्या माणसांकडे जा. विहिरीच्या आधी पाणी कुठून यायचं, त्यांच्या आईवडिलांनी काय सांगितलं होतं, हे विचार आणि वहीत लिहून घे. ज्यांनी ते स्वतःच्या घरात ऐकलंय अशी माणसं आता थोडीच उरलीत. पुस्तक कपाटात वाट बघेल, ती माणसं कायमची नाहीत.

तुझी,
आजी